डीएसएफ फाइल डोंगलवर लावली की नुसती फसफस

घणसोलीकर:
अँड्रॉइड प्लेअर आहे. डीएसडी६४ (एक-बिटी डिजिटल ध्वनी) च्या डीएसएफ फाइली त्याच्या स्वतःच्या जॅकमधून नीट वाजतात. यूएसबी डोंगल (डिजिटल गाणं इअरफोनसाठी आवाजात बदलणारा छोटा डबा) लावून डीओपी (डीएसडी ओव्हर पीसीएम) चालू केलं की गाणं गायब, बारीक फसफस तेवढी येते. डोंगल डीएसडी१२८ पर्यंतचा आहे. शिवाय एसएसीडीची (सुपर ऑडिओ सीडी) ४.३ जीबीची आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, ३२ जीबीच्या कार्डवर कॉपी होत नाही. कार्ड गेलं का?

कानसेन_ठाणे:
डोंगल ठीक आहे, वाटेत कोणीतरी बिट बदलतंय. डीओपीत डीएसडी६४ हे २४ बिट, १७६.४ किलोहर्ट्झ पीसीएमच्या (सीडीवर असतो तो नेहमीचा डिजिटल प्रकार) वेषात जातं. खालच्या १६ बिटांत गाणं, वरच्या ८ बिटांत आलटून पालटून ०५ आणि एफए ही खूण. खूण दिसली तरच डोंगल त्याला डीएसडी मानतो. अँड्रॉइडने ४८ किलोहर्ट्झवर रीसॅम्पल केलं (नमुन्यांचा दर बदलला) किंवा आवाज एक पायरी जरी कमी केला, की खूण मोडते आणि गाण्याचे बिट गोंगाट म्हणून वाजतात. अ‍ॅपमध्ये बिट-परफेक्ट (बिट जसेच्या तसे पाठवणं) किंवा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर चालू करा, इक्वलायझर व रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय) बंद, अ‍ॅपचा आवाज १००. आधी इअरफोन कानातून काढा! पुढचं गाणं फ्लॅक (पीसीएमची फाइल) निघालं तर पूर्ण जोरात सुटेल.

ऐरोली_फ्लॅक:
कार्डाला काही झालेलं नाही. ३२ जीबीची कार्डं सहसा फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये येतात आणि त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावत नाही. डेटा दुसरीकडे ठेवून कार्ड एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. प्लेअर एक्सफॅट वाचतो ना, ते आधी बघा. खरं तर आयएसओ ठेवूच नका, गाणीनिहाय डीएसएफ काढा. आयएसओत बरेचदा डीएसटी हे डीएसडीचं कॉम्प्रेशन असतं, ते उलगडताना मंद प्रोसेसर अडखळतो. डीएफएफ हा डीएसडीचा दुसरा फाइल प्रकारही टाळा, त्यात टॅगची (गाणं-गायकाच्या नावांची) धड सोय नाही.

घणसोलीकर:
ड्रायव्हर बदलला, वाजलं. पण आवाज फ्लॅकपेक्षा कमी का?

कानसेन_ठाणे:
डीएसडीची ० डीबी पातळी ५० टक्के मॉड्युलेशनला (कमाल क्षमतेच्या निम्म्याला) धरतात, म्हणून ६ डीबीचा फरक. मिनिटाला ४२ एमबी खाणाऱ्या या फाइली ठाणे-वाशी लोकलच्या खडखडाटात ऐकणं म्हणजे, माझ्या मते, बॅटरीची नासाडी. प्रवासासाठी २४ बिट, ८८.२ किलोहर्ट्झचं फ्लॅक करा. ९६ नको, डीएसडी६४ चा दर ८८.२ च्या बरोबर ३२ पट आहे. बदलताना ६ डीबी वाढवा, पण शिखरं कापली जात नाहीत ना ते तपासा. जात असतील तर ३ वर थांबा.