मदत हवी आहे : नूनन सिंड्रोमच्या पुढील तपासण्या

माझ्या भाच्याची उंची वयाच्या मानाने बरीच कमी असून, डोळ्यांमधील जास्त अंतर, झुकलेल्या पापण्या, खालच्या बाजूला असलेले कान आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीची अरुंद झडप पाहून डॉक्टरांनी नूनन सिंड्रोमचा (एक जन्मजात जनुकीय विकार) संशय व्यक्त केला आहे. पीटीपीएन ११ या जनुकात दोष आढळला नाही. मात्र तो सुमारे निम्म्याच रुग्णांत सापडतो, त्यामुळे एवढ्यावरून निदान बाद करणे मला घाईचे वाटते. आता अनेक जनुकांची एकत्र पॅनेल चाचणी करावी की थेट एक्सोम तपासणी (सर्व जनुकांच्या प्रथिने बनवणाऱ्या भागांची तपासणी)? (हा विकार आईवडिलांकडूनही येऊ शकतो आणि चेहऱ्यावरील लक्षणे वयानुसार सौम्य होतात, म्हणून त्याच्या आईवडिलांचे लहानपणीचे फोटोही शोधून ठेवले आहेत.) तसेच, या विकारात हृदयाचा स्नायू जाड होऊ शकत असल्याने, वाढीचे हार्मोन देताना हृदयाची तपासणी किती अंतराने केली गेली, हे अनुभवी पालकांनी कृपया कळवावे.