झूमवरील हजेरी गूगल शीट्समध्ये आपोआप कशी नोंदवावी?

प्रश्न: आमचे शिक्षक-प्रशिक्षण वर्ग झूमवर भरतात आणि प्रत्येक वर्गानंतर सहभागींचा अहवाल डाउनलोड करून गूगल शीटमध्ये हाताने चिकटवावा लागतो. हे काम आपोआप होण्यासाठी कोणता मार्ग भरवशाचा आहे?

उत्तर १: झूमचा वेबहुक (घटना घडताच ठरलेल्या पत्त्यावर आपोआप माहिती पाठवणारी सोय) थेट ॲप्स स्क्रिप्टला (गूगल शीटला जोडून चालवता येणारा गूगलचा कोड) जोडू नये, असे माझे ठाम मत आहे. झूम आपली सही (पाठवणाऱ्याची ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) विनंतीच्या हेडरमध्ये (मुख्य मजकुरासोबत जाणाऱ्या माहितीत) पाठवते, पण ॲप्स स्क्रिप्टला आलेल्या विनंतीचे हेडर वाचता येत नाहीत. त्यामुळे नोंद खरोखर झूमकडूनच आली आहे का, याची खातरजमा होत नाही. मध्ये क्लाउड फंक्शन (ऑनलाइन सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) ठेवून तिथे सही तपासावी.

उत्तर २: तातडी नसेल, तर ॲप्स स्क्रिप्टला रात्रीचा ट्रिगर (ठरलेल्या वेळी आपोआप चालण्याची सोय) लावून झूमच्या एपीआयकडून (दुसऱ्या प्रोग्रामला माहिती देणाऱ्या सेवेकडून) अहवाल मागवणे अधिक सोपे. त्यासाठी झूमचे सशुल्क खाते मात्र लागते.

उत्तर ३: नोंदींकडेही लक्ष द्यावे. नेट तुटून पुन्हा आलेल्या व्यक्तीची प्रत्येक वेळी वेगळी ओळ पडते, म्हणून ईमेलनुसार मिनिटांची बेरीज करावी. लॉगिन न केलेल्यांचा ईमेल रिकामा येऊ शकतो, तेव्हा पूर्वनोंदणी सक्तीची ठेवावी. एपीआयमधील वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावेत.