युरिया स्वस्त म्हणून ओरडता, मग कांद्याचा हिशोब कोण देणार?

बांधावरचा (निफाड): "शेतकऱ्यांची सगळी अनुदानं बंद करा, आमच्या कराचे पैसे आहेत." काल एकाने एवढं लिहिलं आणि मोकळा झाला, म्हणून सविस्तर लिहितोय. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, खरं आहे. वरचा फरक सरकार खत कंपनीला देतं. आता आमच्याकडून काय गेलं ते ऐका. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात थेट बंदी. बंदी मे 2024 मध्ये उठली, पण शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. बंदी लागली तेव्हा माझा लाल कांदा काढणीला होता. काही आठवड्यांत लासलगावचा भाव निम्म्याखाली आला. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या 2018 च्या अहवालात खत-वीज सगळं धरूनही 2000 ते 2016 या काळात आपल्या शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे 14 टक्के निघाला. उणे! म्हणजे आम्हीच देतोय.

करदाता (पुणे): कांद्यावर अन्याय झाला, वाद नाही. पण त्याने युरिया कसा योग्य ठरतो? 2010 मध्ये स्फुरद-पालाश (फॉस्फेट-पोटॅश) खतांचं अनुदान त्यातल्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणावर ठरवलं, युरियाला हात लावला नाही. आज डीएपी या स्फुरदाच्या खताची गोणी 1350 ला आणि युरियाची 266 ला. मग माणूस काय ओतणार? 2022-23 मध्ये खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. तोच पैसा एकरी थेट खात्यात द्या.

कृषी सेवा केंद्रवाला: युरियासोबत नको असलेली औषधं गळ्यात मारतो म्हणून गावात शिव्या आम्हाला. वरून कंपनीकडूनच लिंकिंग करून, म्हणजे युरियाला दुसरा माल जोडून येतो, तो घेतला नाही तर युरिया नाही. यावर कुणी बोलत नाही.

सोयाबीनवाला (लातूर): खात्यात म्हणजे कुणाच्या? सातबाऱ्यावर नाव ज्याचं, त्याच्या. मी बटाईने, म्हणजे पिकाचा वाटा देऊन दुसऱ्याची जमीन करतो, मालक शहरात. पीएम किसान त्याला, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा हप्ता त्याला, अतिवृष्टीची मदतही त्यालाच. पेरणी, फवारणी, कर्ज माझं. युरियाची गोणी तेवढी माझ्या अंगठ्यावर मिळते. ती काढून पैसे मालकाला देणार?

करदाता (पुणे): आयकर भरणाऱ्याला पीएम किसान मिळत नाही, माहीत करून घ्या. माझीही गावाकडे वाट्याने दिलेली जमीन आहे, एक हप्ता घेतलेला नाही.

सोयाबीनवाला (लातूर): मग करार लिहून दिलाय का?

करदाता (पुणे): नाही, आणि देणारही नाही. आजोबांची अर्धी जमीन कूळ कायद्यात गेली. विश्वासाने कसायला दिली होती, 1957 नंतर ती कुळांची झाली. आजी मरेपर्यंत त्या बांधाकडे बघायची नाही.

सोयाबीनवाला (लातूर): कसत कोण होतं? उन्हात कोण होतं? आमच्या आज्याला तर तेव्हाही काही मिळालं नाही, मालकाने आधीच जमीन सोडल्याचा राजीनामा लिहून घेतला, अंगठा उठवून. तुमचं निम्मं गेलं त्याचं दुःख सत्तर वर्षं पुरतंय, आमच्या वाट्याला काहीच आलं नाही त्याचं काय?

बांधावरचा (निफाड): दोघांनी आवाज खाली घ्या. कूळ कायद्यावर रात्र जाईल.

सोयाबीनवाला (लातूर): जाऊ दे. त्याच भीतीने आज कुणी कागद करत नाही. कागद नाही म्हणून पीक कर्ज नाही, विमाही अवघड. सावकाराचं व्याज त्यातूनच येतं.

करदाता (पुणे): ठीक. रोख रक्कम बटाईदारापर्यंत पोहोचणार नाही, एवढं मान्य. पण साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ केलंय, त्याने विहिरी कोरड्या पडतील, ते मी सोडणार नाही.

सोयाबीनवाला (लातूर): विहीर मालकाची, मीटर मालकाचं, माफी मालकाला. रात्रपाळीची लाईट आली की साप-विंचवातून पिकाला पाण्याचे बारे द्यायला मी. युरिया महाग करा, घेईन. आधी अकरा महिन्यांचा का होईना, करार द्या.

करदाता (पुणे): वकिलाला विचारतो. अकराच्या पुढे एक दिवस नाही.

सोयाबीनवाला (लातूर): तेवढ्यात सोयाबीन आणि हरभरा दोन्ही निघतात. विचारा.