परड्यात रोज धामण दिसते, पकडायला लावावी का?

फडाकाठी: नमस्कार मंडळी. कसबा बावड्यात घर आहे, परड्याला लागून उसाचा फड. सकाळी दहा-अकराच्या सुमारास सहा-सात फुटी पिवळसर तपकिरी जनावर सरपणाच्या ढिगात शिरतं. शेजारी म्हणतात धामण, सासूबाई म्हणतात नागाची मादी. घरात रांगतं बाळ, गोठ्यात म्हैस. कुणाला बोलवून लांब सोडायला लावू का?

रानवाट: ताई, वेळ आणि लांबी बघता धामणच वाटते, पण खात्री तोंडावरून करायची. आठ-दहा फुटांवरूनच मोबाईलनं झूम करून फोटो घ्या. ओठांच्या खवल्यांवर शिवण घातल्यासारख्या उभ्या काळ्या रेघा, मोठा डोळा, गोल बाहुली आणि शेपटीकडच्या भागावर काळे आडवे पट्टे असले की धामण. चिडली की मान खालच्या बाजूला फुगवते आणि घुरघुरते. नागाचा फणा आडवा पसरतो, हा फरक लांबूनही कळतो.

नागाची मादी नव्हे, जातच वेगळी. नागिणीलाही फणा असतो आणि धामणीतही नर असतात. दोन धामणी पीळ घालून उभ्या राहिल्या की लोक नर-मादीची जोडी समजून वरून कापड टाकतात, ती बहुतेक दोन नरांची झुंज असते. म्हशीचं दूध पिते हेही खोटं. मागं वळलेले सुईसारखे दात सडाला लागले तर म्हैस एक क्षण उभी राहील का?

पाचट: लांब सोडून उपयोग नाही. ती उंदरांच्या मागावर येते. ती गेली तरी उंदीर राहतात, आणि त्यांच्या वासानं उद्या घोणस येईल. सरपण भिंतीपासून लांब, विटांवर फूटभर उंच रचा. मोरीच्या तोंडाला पाच-सहा मिलिमीटरची लोखंडी जाळी, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, पेंड-भरडा झाकणाच्या पिंपात. बाळ खेळतं तिथं अडगळ नको. फिनेल, लसूण यावर पैसे घालवू नका.

उंदरांसाठी चिकट पॅड तर अजिबात ठेवू नका, धामणच त्यात अडकते. ओढून काढली की कातडी सोलते. खायचं तेल कडेनं थोडं थोडं सोडत सुटते, पण ते काम सर्पमित्राचं. भाजीभोवतीच्या नायलॉन जाळीचंही तेच: निसटायला धडपडते तसा धागा खवल्यांखाली रुततो. जाळी लावलीच तर रोज सकाळी फेरी मारा.

फडाकाठी: आणि चावली तर? पिल्लं झाली तर?

रानवाट: धामण बिनविषारी. जखम साबणानं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पण साप नीट ओळखला नसेल तर थेट कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. आवळून बांधू नका, चिरू नका, हात-पाय हलवू नका. मण्यारचा दंश बऱ्याचदा दिसतही नाही, म्हणून खूण नाही यावर विसंबू नका.

पिल्लं दीड फुटाच्या आसपास, पुढच्या अंगावर फिके पट्टे. त्यामुळं मण्यार समजून मारली जातात. हातात घेऊन खात्री करायला जाऊ नका. शंका आली तर मण्यारच समजा आणि लांब राहा.

पाचट: घरात शिरलीच तर खोलीचं दार लावून फटीला पोतं लावा, एकानं खिडकीतून नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती संरक्षित आहे, मारली तर गुन्हा. ऊस तुटायला लागला की आसरा जाऊन ती घराकडं सरकते, म्हणून जाळी आणि पट्टी तोडणीच्या आधीच बसवून घ्या.