मार्चचे चार रविवार आणि एक गॅलरी: मुंबईत पक्षी कुठे, किती वाजता?

मुलुंड_तिसरा_मजला
मार्चचे चारही रविवार मोकळे ठेवलेत. ८×४२ दुर्बीण आहे, स्कोप (तिवईवर लावायची मोठी दुर्बीण) नाही. ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) बघायला किती वाजता पोचावं? ओहोटीला गेलं की पक्षी ठिपक्याएवढे दिसतात म्हणतात, भरतीला गेलं की नसतातच. जंगलातल्या पक्ष्यांसाठी बोरिवलीला जायचं की आरेला, आणि कोणत्या झाडाखाली थांबायचं? तिसरं गॅलरीचं. पाण्याचं भांडं ठेवायचंय, पण सोसायटीत डास आणि कबुतरं या दोन्हींवरून आधीच वाद आहेत. शिवाय कपडे वाळत घालायच्या तारेला शिंजिराने (सनबर्ड) घरटं बांधायला घेतलंय. तार वापरायची की नाही?

खाडीकाठ
रविवार मोकळा आहे म्हणून खाडीवर जाऊ नका, आधी तिथी बघा. जुना हिशोब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की मुंबईतल्या पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. खाडीत आत, भांडुप-ऐरोलीकडे, पाणी थोडं उशिरा पोचतं. हा अंदाज, निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक उघडून बघाच.

पूर्ण भरतीच्या अडीच-तीन तास आधी काठावर उभं राहायचं. चढतं पाणी चिखल गिळत येतं तसे पक्षी काठाकडे सरकतात. भरती पूर्ण झाली की उडून आतल्या पाणथळींवर, नेरूळच्या बाजूला, जाऊन बसतात. म्हणजे सकाळचा बेत असेल तर द्वादशी-त्रयोदशी उत्तम, साडेसहाला पोचा. अष्टमीच्या आसपास भांगेचं पाणी असतं, फार चढत नाही. पक्षी चिखलावर बराच वेळ राहतात, पण लांबच.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ती बहुतेक जण विसरतात. शिवडी आणि भांडुप पंपिंग स्टेशन खाडीच्या पश्चिम काठावर आहेत. सकाळी सूर्य समोर, सगळे रोहित काळ्या आकृत्या. तिथे दुपारनंतर जा, म्हणजे पंचमी-षष्ठीची भरती साधते. सकाळी ऐरोलीचा काठ बरा, सूर्य पाठीशी येतो. ऐरोलीची बोटफेरीही भरतीवरच सुटते, आधी बुकिंग करा.

८×४२ पुरेशी आहे. छोटा रोहित ओळखायचा तो चोचीवरून: गडद किरमिजी, लांबून काळीच वाटते. मोठ्याची चोच गुलाबी, फक्त टोक काळं, अंग फिकट आणि मान बरीच लांब. नुसत्या रोहितांकडे बघत बसू नका. मार्च सरता सरता काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढायला लागतो आणि तपकिरी डोक्याच्या कुरवांचं हिवाळ्यात पांढरं असलेलं डोकं गडद होतं. परतीच्या आधीचा हा पेहराव, माझ्या मते रोहितांपेक्षा बघण्यासारखा.

आरे_सकाळ
जंगलात जागा नव्हे, झाड निवडा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात फुललेला पळस किंवा पांगारा सापडला की दोन तास तिथून हलू नका. काटेसावर फेब्रुवारीतच ओसरायला लागते, उशिरा फुललेलं एखादं झाड मिळालं तर नशीब. झाडाच्या पूर्वेला, पंधरा-वीस मीटरवर, सूर्य पाठीशी घेऊन उभे राहा. सात ते नऊ ही वेळ. ऊन तापलं की वर्दळ थंडावते. पळसमैनांचे थवे, हळद्या, हरेवा, कोतवाल, बुलबुल, शिंजीर सगळे एकाच झाडावर भांडताना दिसतात. एप्रिलमध्ये पळसमैना निघून जातात, म्हणून ही फेरी आधी उरका.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं, तुमचा रविवार असल्याने प्रश्न नाही. पण गर्दी असते, म्हणून गेट उघडताच आत. गवतातून चालणार असाल तर पँट मोज्यात खोचा, गोचीड असतात. नवरंग पक्षी शोधू नका, तो पावसाच्या तोंडावर येतो.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं टाळा. दयाळ, शिंपी या पक्ष्यांचा हा विणीचा काळ. नर हद्द राखायला घरटं सोडून धावतो.

कुंडी_आणि_किडे
आधी पाणी. मातीचं पसरट परळ घ्या, पाणी चार-पाच सेंटिमीटरच, मध्ये पाण्याबाहेर डोकावणारा खडबडीत दगड. डासांसाठी नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर काठाला चिकटतात, कोरडी पडली तरी तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. रोज सकाळी काथ्याने काठ घासून मगच भरा. महापालिकेचे लोक तपासणीला आले तर घासलेलं भांडं दाखवता येतं.

कबुतरांचं मूळ दाण्यात. बाजरी, तांदूळ, शिळी पोळी, काहीही टाकू नका. भांडं छोटं आणि टांगलेलं, हलणारं ठेवलं तर कबुतराला बसायला अवघड जातं, बुलबुल-शिंजिराला नाही. टांगायचं ते ग्रिलच्या आत, खाली माणसं चालतात. कावळे पाव, हाडं, काय वाटेल ते भिजवायला आणून टाकतील. तेवढं पाणी दुपारी पुन्हा बदला. साखरपाण्याच्या बाटल्या नकोत, आपल्या उन्हात ते आंबतं आणि मुंग्या लागतात. त्याऐवजी जास्वंद, हमेलिया.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी दिसली तर झटकू नका. कात टाकत ती हिरवी होते. तेव्हा काडीने डिवचली की डोक्यामागून लाल दुभंगलेलं शिंग काढते, आंबूस वास येतो. ते मॉरमॉन फुलपाखराचं पोर. लहान झाडाला अशा दोन-तीनच झेपतात. जास्त असतील तर काही लिंबाच्या कुंडीत हलवा. नीमतेल मारलंत तर अळीही गेली आणि तिच्यावर जगणारे पक्षीही.

मुलुंड_तिसरा_मजला
छान. घरट्याचं राहिलं. मादी दिवसभर कोळ्याची जाळी आणतेय. खाली लोंबता झुपका झालाय, अजून दार नाही.

कुंडी_आणि_किडे
म्हणजे बांधकाम अर्धंच झालंय. बाजूला दार आणि त्यावर छोटा छज्जा आला की अंडी जवळ आली समजा. या टप्प्यावर त्रास झाला तर मादी जागा सोडून जाते, म्हणून कपडे आत्तापासूनच दुसऱ्या दोरीवर. अंडी साधारण दोन आठवडे, पिल्लं त्यापुढे जवळपास तेवढेच दिवस. महिनाभर तार गेली असं धरा. घरट्यात बोट घालून किंवा फ्लॅश मारून बघू नका, दार खिडकीकडे असेल तर घरात बसूनच दिसेल. गॅलरी धुताना पाइपचा फवारा वर जाऊ देऊ नका. तार ढिली असेल तर आत्ताच, मादी बाहेर गेल्यावर, टोकाकडून ताणून घ्या. तार लोंबली की घरटं कावळ्याच्या पल्ल्यात येतं.