मदत हवी आहे: सेकंडहँड घेतलेली कोरी तिकिटं नकली आहेत का?

एका संग्राहकाच्या घरच्यांकडून कोऱ्या पोस्टाच्या तिकिटांचा लॉट घेतलाय, थोडी पत्रांना लावायची आणि बाकीची विकायची असं डोक्यात आहे. ही तिकिटं अजून चलनात आहेत हे बघितलंय, तो प्रश्न नाही. शंका आहे ती एका शीटची, रोजच्या वापराची साधी तिकिटं आहेत आणि नकली माल जास्त यातच निघतो कारण तो पटकन खपतो.

पोस्टाच्या खिडकीवरून घेतलेलं त्याच डिझाइनचं तिकीट शेजारी ठेवून तपासलं. कडेचे दाते गेजने (दाते मोजायच्या पट्टीने) मोजले, जुळतात. डिंक शाबूत आहे, म्हणजे शिक्का धुऊन परत विकलेली वाटत नाहीत. पण भिंगाखाली खऱ्या तिकिटावर आकड्याची कड सलग दिसते आणि यात ती बारीक ठिपक्यांत फुटलेली, आणि यूव्ही टॉर्च मारला की खऱ्यावर फक्त फॉस्फरचा पट्टा (पोस्टाच्या यंत्राला तिकीट ओळखता यावं म्हणून छापलेला) उजळतो, इथे मात्र अख्खा कागदच निळसर पांढरा चमकतो.

तज्ज्ञाचं सर्टिफिकेट नको सुचवू, त्याचा खर्च तिकिटांच्या किमतीपेक्षा जास्त होईल. खात्री होईपर्यंत एकही विकणार नाही, आणि पत्राला लावून समोरच्याला दंड भरायला लागावा असंही नकोय.

छपाईची खेप बदलली की कागद आणि छपाईची पद्धत दोन्ही बदलू शकतात ना, मग एवढ्यावरून नकली म्हणता येईल का? आणि पोस्टात दाखवायला नेलं तर फक्त संशयित शीट ठेवून घेतात की सगळा लॉट, कुणाला अनुभव आहे का?