शब्दचर्चा : ‘इनहिबिटरी’ चेतापेशी निरोधक की अवरोधक?

प्रश्न : नरवानर गणातील प्राण्यांच्या दृष्टिमार्गावरील एका लेखाचे मी भाषांतर करीत आहे. त्यातील ‘इनहिबिटरी’, म्हणजे इतर चेतापेशींची सक्रियता कमी करणाऱ्या, चेतापेशींसाठी ‘अवरोधक’, ‘दमनकारी’ आणि ‘निरोधक’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

उत्तर : ‘निरोधक’ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अवरोध म्हटले की वाट अडल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. पण या पेशी स्रवतात ते गाबा हे रसायन बहुधा समोरच्या पेशीच्या पटलातील क्लोराइड आयनांची दारे उघडते आणि त्यामुळे ती पेशी सहजासहजी उद्युक्त होत नाही. म्हणजे येथे काही अडवले जात नाही, आवर घातला जातो. शिवाय ‘अवरोधक’ हा शब्द औषधांसाठी राखून ठेवावा लागतो. बायक्युक्युलिन हे द्रव्य गाबाच्या ग्राहींना, म्हणजे पेशीपटलावरील गाबा टिपणाऱ्या रेणूंना, निष्प्रभ करते. तेव्हा ‘अवरोधकामुळे अवरोधक पेशींचा परिणाम थांबला’ असे लिहिले, तर कोणी कोणाला थांबवले हे वाचकाला कळणार नाही.

‘दमनकारी’ मला अगदीच अन्यायकारक वाटतो. मॅकाक माकडाच्या प्राथमिक दृष्टिबाह्यकात (मेंदूच्या बाह्य थरातील दृष्टीच्या भागात) सुमारे पाचवा हिस्सा पेशी गाबा स्रवणाऱ्या असतात. त्यांपैकी ‘बास्केट’ पेशींचे तंतू शेजारच्या पेशीच्या मुख्य भागाभोवती टोपलीसारखे विणलेले असतात आणि ती पेशी केव्हा व किती उद्युक्त व्हावी, हे नेमके करतात. त्याआधी दृष्टिपटलातच आडव्या पेशी मधल्या ठिपक्याला मिळालेल्या प्रकाशातून भोवतालच्या उजेडाचा वाटा वजा करतात, म्हणून कडा उठून दिसते. याला दमन म्हटले, तर कामाचा अर्थच हरवतो.

प्रतिप्रश्न : ‘गर्भनिरोधक’मध्ये तर संपूर्ण प्रतिबंध अभिप्रेत आहे. मग ‘निरोधी’ का नको?

उत्तर : शंका रास्त आहे. मात्र ‘जलरोधी’, ‘उष्णतारोधी’ या शब्दांमुळे ‘निरोधी’ पेशी म्हणजे दाद न देणारी पेशी, असा उलटा अर्थ निघू शकतो. उलट योगशास्त्रातील ‘चित्तवृत्तिनिरोध’मुळे आवर घालण्याची छटा मराठी वाचकाच्या ओळखीची आहे. विरुद्धार्थी ‘एक्सायटेटरी’साठी मात्र ‘उद्दीपक’ टाळून ‘उत्तेजक’ लिहावे, कारण मानसशास्त्रात उद्दीपक म्हणजे प्रतिसाद घडवणारी बाहेरची गोष्ट, आणि दृष्टीच्या प्रयोगात पडद्यावरची रेघ हेच उद्दीपक असते.